मागचं दार उघडं होतं

कळमेश्वर,
२० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप सरांस,

कामिनी डांगोरेचा नमस्कार. ओळखलं का सर? मेंढल्याची शाळा, दहावी ब, खिडकीपाशी बसणारी. तुम्ही मले म्हणत होते, "डांगोरे, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे, पण छापायला डोकं लागत नाही." तेव्हा राग आला होता. आता मी स्वतःच साऱ्याईले हे सांगून हसवते.

तुमच्या कानाचा त्रास वाढला, फोनवर काहीच ऐकू येत नाही, असं माझ्या भावानं, ऋषिकेशनं सांगतलं. म्हणून पत्र लिहून राहिली. पत्ताही त्यानंच काढून देला.

मी इथं कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कोल्ड स्टोरेजमध्ये लागली. संत्रा अन् मोसंबी येते, चौदा बाया हॉलमध्ये बसून माल निवडतात, मी त्यायची सुपरवायझर. पण कच्ची. पक्की ऑर्डर एक फेब्रुवारीले भेटणार म्हणतात. ते भेटली तं घरचे माझ्या लग्नाचा विषय दोन वर्षं काढणार नाही, असा बाबाचा शब्द आहे. म्हणून ते ऑर्डर मले पाहिजेच.

अडचण अशी आहे की सेफ्टीचं रजिस्टर इंग्रजीत लिहावं लागते. हेड ऑफिसचे लोक वाचतात. त्यात प्रत्येक ओळीत 'चेक' पाहिजे. चेक तं आपण बोलण्यात रोजच वापरतो, पण वाक्यात बसवायले गेली का साराच गोंधळ होते. परवा मी "आय ॲम चेकिंग पाइप यस्टरडे" असं लिहिलं अन् आमच्या मॅनेजरनं, रोहित साहेबानं ते साऱ्या बायाईसमोर वाचून दाखवलं. आपल्या मेंढल्याची भागीरथाकाकू पण हॉलमध्ये आहे. तिले इंग्रजीतलं काही समजत नाही, पण तिनं हसणाऱ्याईले असं झापलं का सारे गप बसले.

मले शिकवा सर. तुमच्याशिवाय कोणाले विचारू?

इथं गॅसवर थंडावा बनवतात, अमोनिया म्हणतात त्याले. थोडाथोडा वास रोज येते अन् डोळ्यातून पाणी येते. सवय होते म्हणतात.

तुमची विद्यार्थिनी,
कामिनी

*

रामदासपेठ, नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. कामिनीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं. माझी बहीण यमुताई म्हणाली, कोणाचं रे एवढं देखणं पत्र. मी म्हटलं, माझ्या हातचं आहे, फक्त हात दुसऱ्याचा आहे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. एवढ्या काळात एकाही पोराला माझी आठवण व्याकरणासाठी आली नव्हती. बरं वाटलं. उगाच कशाला लपवू?

आता ऐक. 'चेक' या क्रियापदाचा आपण पार चुथडा केलेला आहे. आपण नुसतं बघितलं तरी चेक केलं म्हणतो. तसं नाही. यमुताई बाहेर जाताना गॅसचं बटण बंद आहे की नाही ते चेक करते. तिला आधी शंका येते. मग ती अर्ध्या जिन्यातून परत फिरते. मग बटणाला हात लावते. आणि मग मला म्हणते, बंद आहे. शंका, पाय, हात, शब्द. यातलं एक जरी गाळलं तरी ते चेक नव्हे. आणि 'चेक्ड' हे रूप शब्दाच्या वेळेचं आहे, म्हणजे सगळ्यात शेवटचं. काम झाल्यावरच ते लिहायचं.

काय काय तपासायचं असतं ते मला कळव. मी नमुना वाक्यं करून पाठवतो. आपला जुना नियम आठवतो ना? नमुना वाक्याला हात लावायचा नाही. जसंच्या तसं उतरवायचं. तुम्ही पोरं स्वतःची अक्कल घालता आणि तिथंच चुका होतात.

तुझा,
वसंत हरकरे

*

कळमेश्वर,
४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप सरांस नमस्कार.

पत्र भेटलं. शंका, पाय, हात, शब्द हे मी हॉलमध्ये साऱ्याईले शिकवलं. भागीरथाकाकू तं डबा उघडतानाही म्हणून राहिली, "आधी शंका घ्या वं, आज काय भाजी असंल."

रजिस्टरात चार गोष्टी आहेत. गॅसच्या पाइपाचे जोड, धोक्याचा भोंगा, डोळे धुवायचा नळ अन् हॉलचं मागचं दार. दुपारी दोन वाजता तपासून लिहावं लागते. रोजचं तेच.

एक गोष्ट विचारायची होती, हसू नका. रोहित साहेब साऱ्या आठवड्याचं सोमवारीच लिहून घेतात, मंगळ ते शनिवार एकाच बैठकीत. माल जास्त असला का मंग वेळ भेटत नाही ना, म्हणून. तं शनिवारचं सोमवारी लिहायचं असंल तं चेकचं कोणतं रूप वापरायचं?

चंपतरावदादा मशीन रूममध्ये असतात, आपल्या नरखेडकडचेच आहेत, साठीचे. ते काल मले बोलावून म्हणे, एक जोड रडून राहिला आहे, वरून कापड बांधलं. मी वरतं सांगतलं. पार्ट मागवला आहे म्हणतात.

कामिनी

*

रामदासपेठ,
९ डिसेंबर २०२४

चि. कामिनीस आशीर्वाद.

हसू नका म्हणालीस, पण मी हसलो. यमुताईलाही वाचून दाखवलं. अगं वेडे, शनिवार अजून उगवलाच नाही आणि तू त्याचा भूतकाळ करायला निघालीस? सोमवारी बसून शनिवारबद्दल बोलायचं तर 'विल चेक' म्हणावं लागेल, म्हणजे तपासेन. पण ते नुसतं वचन झालं, नोंद नाही. रजिस्टरात वचनं लिहीत नसतात. नोंदीला 'चेक्ड'च हवं. हा प्रश्न मी तीस वर्षांत एकाही पोराच्या तोंडून ऐकला नव्हता, त्याबद्दल तुला पैकीच्या पैकी.

वाक्यं सोबत दिली आहेत. चारही घोटून घोटून तयार केली आहेत. वेळ, क्रिया, परिणाम, सगळं जिथल्या तिथं.

"आय चेक्ड द पाइप जॉइंट्स ॲट टू पी. एम. देअर वॉज नो लीक."

"आय चेक्ड द अलार्म. इट वॉज वर्किंग."

"आय चेक्ड द आय-वॉश टॅप. द वॉटर वॉज क्लीन."

"आय चेक्ड द बॅक डोअर. इट वॉज ओपन."

शेवटचं मला सगळ्यात आवडलं. शाळेच्या मागच्या दाराची आठवण झाली, जे मी कायम उघडं ठेवायला लावायचो आणि ज्यातून तुम्ही पोरं चौथ्या तासाला बोरं खायला पळायचा. लहान आहे, पण वाक्य कसं असावं ते यातून कळतं.

वसंत हरकरे

*

कळमेश्वर,
२६ डिसेंबर २०२४

तीर्थरूप सरांस,

सर, तुम्ही तं इथं हिरो झाले. रोहित साहेबानं तुमचे चारही वाक्य वाचले अन् विचारलं, कोणी लिहून देले. मी तुमचं नाव सांगतलं. त्यानं तो कागद प्लास्टिकमध्ये पक्का करून ऑफिसच्या भिंतीवर लावला. आता तिन्ही शिफ्टचे लोक तेच उतरवतात. हेड ऑफिसहून साहेब आले होते तपासणीले, रजिस्टर पाहून म्हणे, असं स्वच्छ रजिस्टर कोणत्याच युनिटमध्ये नाही. रोहित साहेबानं माझ्याकडं बोट दाखवलं. माझी ऑर्डर आता पक्की समजा.

सोमवारी एका तासात पूर्ण आठवडा लिहून होते. हात बसला आता. डोळे मिटून लिहीन मी.

बाकी ठीक. थंडी चांगली पडून राहिली. दिवाळीत मागून मोसंबीचे कॅरेट चोरीले गेले, तवापासून मागच्या दाराले कुलूप आहे, चाबी रोहित साहेबाजवळ. म्हणून भागीरथाकाकूची मोठी पंचाईत झाली, ते मागच्या ओट्यावर उन्हात बसून डबा खात होती. आता हॉलमध्येच बसते अन् साहेबाले शिव्या देते. भोंगा सारखा वाजत होता म्हणून त्याची वायर काढून ठेवली, बरं झालं, डोकं दुखत होतं.

तुमच्यासाठी मोसंबी पाठवून राहिली ऋषिकेशच्या हातानं. यमुताईले नमस्कार.

कामिनी

*

रामदासपेठ,
३० डिसेंबर २०२४

चि. कामिनीस आशीर्वाद.

मोसंबी गोड निघाली. पण तुझ्या पत्राइतकी नाही. भिंतीवर लावला! मला शाळेनं निरोपाला शाल दिली, श्रीफळ दिलं, पण माझं वाक्य कोणी भिंतीवर लावलं नव्हतं. संध्याकाळी बगिच्यात आमच्या म्हाताऱ्यांच्या बाकावर मी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर एकजण उठून गेला. जाऊ दे. माझे तिन्ही शिफ्टमध्ये विद्यार्थी आहेत, असं मी आता म्हणू शकतो.

तू जिद्दीची आहेस. ऑर्डर हातात पडली की पेढे घेऊन ये.

वसंत हरकरे

ता. क. पाकीट चिकटवून ठेवलं होतं, सकाळी परत फोडलं. तुझं पत्र पुन्हा वाचत होतो, खरं सांगायचं तर माझं कौतुक पुन्हा वाचावं म्हणून. मागच्या दाराला दिवाळीपासून कुलूप आहे म्हणतेस. भोंग्याची वायर काढली आहे म्हणतेस. मग रजिस्टरात तू काय लिहून राहिलीस? ताबडतोब कळव.

*

कळमेश्वर,
८ जानेवारी २०२५

तीर्थरूप सरांस नमस्कार.

जे तुम्ही लिहून देलं तेच लिहून राहिली. दुसरं काय लिहीन?

तुम्ही रागावले असं वाटते. मी खरंच विचार नव्हता केला सर. वाक्याले हात लावायचा नाही, असं तुम्हीच म्हटलं होतं. मले वाटलं, रजिस्टरात वाक्य असंच असते, जसं शाळेत "माझी गाय काळी आहे" लिहायचो, मंग घरी गाय असो का नसो.

पण तुमचं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा उठून मागच्या दारापाशी गेली. हात लावून पाह्यलं. कुलूप मोठं आहे, गंजलं आहे. दारासमोर रिकामे कॅरेट छातीपर्यंत रचलेले आहेत. वळून पाह्यलं तं समोरचं शटर दिसलं अन् शटरच्या बाजूलेच मशीन रूम. म्हणजे सर, गॅस सुटला तं तो शटरकडूनच येईल. अन् मागं कुलूप. मधात चौदा बाया अन् मी. एवढे महिने मी तिथंच उभी राहून काम करून राहिली अन् हे मले कधी दिसलंच नव्हतं.

तवापासून मी रोज दोन वाजता जाते. हात लावते. परत येते. भागीरथाकाकू विचारते, काहून वं पोरी, दाराचं काय दर्शन घेते का रोज? मी हो म्हणते अन् कॅरेट मोजायले लागते.

मले भीती वाटून राहिली सर. यमुताईले सांगूनही फोन करू नका, मोबाइल गेटवर जमा होते अन् खोलीत रोहित साहेबाच्या नात्यातली पोरगी राहते. लिहा फक्त.

कामिनी

*

रामदासपेठ,
१२ जानेवारी २०२५

कामिनी,

आशीर्वाद नंतर. आधी मी सांगतो ते कर.

ती चारही वाक्यं आजपासून बंद. ती मी माझ्या टेबलावर बसून, चहा पीत, मनानं केली होती. मी तुमचं दार पाहिलेलं नाही. पाइप पाहिलेला नाही. नमुना म्हणजे नमुना असतो गं, साक्ष नसते. हे तुला शाळेतच सांगायला हवं होतं, पण तिथं मी फक्त अक्षराला आणि स्पेलिंगला मार्क दिले. पोरं खरं लिहितात की नाही हे मी एकदाही विचारलं नाही.

उद्या दोन वाजता दारापाशी जा, हात लाव आणि लिही, "आय चेक्ड द बॅक डोअर. इट वॉज लॉक्ड." एवढंच. खाली सही आणि वेळ. रजिस्टरात एकदा खरं लिहिलं गेलं की कोणाला तरी कुलूप काढावंच लागेल.

सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी ऑफिस आहे, कारखान्यांची तपासणी करणारं. तिथं मी स्वतः इंग्रजीत अर्ज करतो. माझा अर्ज ते बाजूला टाकू शकणार नाहीत. तू घाबरू नकोस. मी आहे.

वसंत हरकरे

*

कळमेश्वर,
२७ जानेवारी २०२५, सोमवार

तीर्थरूप सरांस,

उत्तराले उशीर झाला.

तुम्ही सांगतलं तसं मी लिहिलं. तीन दिवस लिहिलं, लॉक्ड, लॉक्ड, लॉक्ड. चौथ्या दिवशी रोहित साहेबानं मले ऑफिसमध्ये बसवलं. ओरडला नाही. चहा मागवला. म्हणे, कामिनी, तुझी ऑर्डर टाइप होऊन आली आहे, हे पहा. मी पाह्यली सर. माझं नाव होतं त्यावर, स्पेलिंग बराबर. मंग त्यानं रजिस्टरचं पान फाडलं अन् कोरं पान समोर ठेवलं. म्हणे, अठ्ठावीसले ऑडिट आहे, ते झालं का मी स्वतः कुलूप काढतो, आता हे पान भर.

मी भरलं.

तुम्ही काय म्हणाल मले माहीत आहे. पण बाबानं एक पाहुणे पाहून ठेवले आहेत वरूडचे, फेब्रुवारीत येणार. हातात ऑर्डर नसली तं मले कोणी विचारणारही नाही, साडी नेसवून समोर बसवतील. मी पुरती अडकली सर.

तुमचा अर्ज एक तारखेपर्यंत टाकू नका, हात जोडते. पाच दिवसाचाच प्रश्न आहे. एक तारखेले ऑर्डर घेते अन् त्याच दिवशी मी स्वतः ओपन खोडून लॉक्ड लिहिते. मंग फाडा म्हणा किती पानं फाडता ते.

आज सोमवार. शनिवारपर्यंतचं लिहून झालं. चंपतरावदादा म्हणे, कापड आता रोज बदलावं लागते. हॉलमध्ये बाया तोंडाले दुपट्टे बांधून बसतात.

कामिनी

*

रामदासपेठ,
१ फेब्रुवारी २०२५, शनिवार, दुपार

चि. कामिनीस आशीर्वाद.

आज तुझा ऑर्डरचा दिवस. हातात पडली असेल, असं धरून चालतो.

तुझ्यावर रागावलो होतो, ते ओसरलं. पाच दिवस थांब म्हणालीस, मी थांबलो. पण खरं सांगू? तू थांबवलं नसतं तरी अर्ज गेला नसता. वीस दिवसांत मी तो तीनदा लिहिला. पहिल्यात एक वाक्य लांब झालं. दुसऱ्यात 'इमिजिएट' शब्द दोनदा आला. तिसरा आज सकाळी स्वच्छ उतरवला आणि आता कुठे मनासारखा झाला आहे. यमुताई म्हणाली, दादा, तुला अर्ज पाठवायचा आहे की परीक्षेला बसायचं आहे? मी तिच्यावर ओरडलो.

आता शनिवार, ऑफिसं बंद. सोमवारी सकाळी रिक्षानं जाऊन स्वतः देतो. पोच घेतो.

आज तू खरं लिहिणार आहेस. दोन वाजत आले, म्हणजे आता दारापाशीच असशील.

यमुताई गॅलरीतून आत आली. म्हणते, दवाखान्यांच्या रस्त्यानं एकामागोमाग ॲम्ब्युलन्स चालल्या आहेत, कुठे काय झालं कोण जाणे. आमच्या भागात हे नेहमीचंच. मला तर ऐकूही येत नाही.

पेढे विसरू नकोस.

वसंत हरकरे

*

रामदासपेठ, दवाखाना,
७ फेब्रुवारी २०२५

सर,

पत्ता पाहून चमकू नका. तुमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे मी. ऋषिकेशच्या हातानं चिठ्ठी पाठवून राहिली. माझा घसा जळला आहे, आवाज येत नाही, डॉक्टर म्हणे महिना-दोन महिने बोलायचं नाही. तुम्हाले ऐकू येत नाही, मले बोलता येत नाही. लिहूनच बोलू.

पेपरात आलं ते तुम्ही वाचलं असंलच. शनिवारी एक वाजून वीस मिनिटं झाली होती, बायाईनं डबे काढले होते. जोड उडाला. शटरकडून पांढरा धूर आला अन् श्वासच बंद झाला. मी ओरडली, मागं चला. मीच ओरडली सर. रोज जाऊन जाऊन पायाले तोच रस्ता माहीत होता. साऱ्या माझ्यामागं धावल्या. कॅरेट पाडले. दार हलवलं. कुलूप होतं, मले तं माहीतच होतं.

चंपतरावदादानं बाहेरून कुदळीनं कुलूप तोडलं. तोपर्यंत भागीरथाकाकू गेली. ते सगळ्यात पुढं होती, दाराले हात लावून बसली होती. अजून दोघी श्वासाच्या मशीनवर आहेत.

काल रोहित साहेब आले. एक इंग्रजी कागद आणला, टाइप केलेला. त्यात लिहिलं आहे, मागचं दार उघडं होतं, बाया घाबरून गोंधळल्या. खाली माझं नाव, सहीले जागा. पक्की ऑर्डर त्यालेच टाचणीनं लावून आणली. म्हणे, नवीन काहीच नाही कामिनी, रजिस्टरात तुझ्याच अक्षरात जे आहे तेच इथं आहे. अन् खोटं म्हणशील तं आधी तूच आत जाशील.

शनिवारची ओळ पण आहे सर. दोन वाजता दार तपासलं, उघडं होतं. दोन वाजता मी ॲम्ब्युलन्समध्ये होती.

सोमवारपर्यंत सही मागतली आहे. काय करू?

कामिनी

*

रामदासपेठ,
९ फेब्रुवारी २०२५

कामिनी,

मी काल आलो होतो. तुझ्या मजल्यावर लिफ्टपाशी बाकावर अर्धा तास बसलो. ऋषिकेश दिसला, त्याला हाक मारायची हिंमत झाली नाही. परत गेलो. मला लाज वाटली गं. भागीरथाचा मोठा मुलगा माझ्याच हाताखाली शिकला. त्याला काय तोंड दाखवू?

आज ऋषिकेश घरी आला आणि त्यानं मोबाइलवर रजिस्टरच्या पानांचे फोटो दाखवले, रोहित साहेबानं धाक घालायला पाठवलेले. यमुताईनं मोठे करून दिले. दोन महिन्यांची पानं. मी पहिल्या ओळीपासून वाचत गेलो आणि हातात कधी लाल पेन घेतलं ते मलाच कळलं नाही. सवयीनं मी चुका शोधत होतो. एकही सापडली नाही. काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी. आयुष्यात एवढं बिनचूक काम कोणी केलं नव्हतं माझ्या पोरांपैकी. यमुताईनं पेन काढून घेतलं.

शंका, पाय, हात, शब्द, हे मी तुला शिकवलं. मी स्वतः काय केलं? शंका आली ती ता. क. मध्ये. पाय उचलला नाही, कळमेश्वर तासाभराच्या अंतरावर असून. शब्दांना मात्र वीस दिवस घासत बसलो. तो अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. त्यात एकही चूक नाही.

सही करू नकोस. आत जायची वेळ आली तर वाक्यं माझी होती हे मी पोलिसांना लिहून देतो, सोमवारी सकाळीच जातो, या वेळी खरंच जातो. तुझ्यासाठी जबाबाचा इंग्रजी मसुदा करून सोबत दिला आहे. काळजीपूर्वक केला आहे, कायद्याच्या दृष्टीनंही कुठे अडकणार नाही. तू फक्त जसाच्या तसा उतरव.

वसंत हरकरे

*

रामदासपेठ, दवाखाना,
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सरांस नमस्कार.

तुमचा कागद परत पाठवून राहिली. वाचला. चांगला आहे. पण मी तो उतरवला नाही.

पोलिसाले मी मराठीत लिहून देलं, सात पानं. त्याईनं विचारलं, हे रजिस्टर तुम्हीच लिहिलं का. मी मान हलवली. तुम्ही काल ठाण्यात जाऊन आले, तुमच्याविषयीही त्याईनं विचारलं. जे आहे ते सारं लिहिलं, तुमचंही, माझंही. माझ्यावर काय होईल ते वकिलालेही सांगता येत नाही. बाबा बाजूलेच बसले आहेत. पाहुण्याईचा विषय कोणी काढत नाही आता.

सही मागायले रोहित साहेब काल आले. रजिस्टर इंग्रजीत होतं, म्हणून मी त्याच्या कागदाच्या मागच्या बाजूले इंग्रजीतच लिहिलं. कोणालेही न विचारता, माझ्या मनानं. त्यानं ते वाचलं, ऑर्डरची टाचणी काढली अन् ऑर्डर खिशात घालून गेला. कागद पोलिसानं ठेवून घेतला. तुमच्यासाठी इथं पुन्हा लिहून देते.

"आय चेक डोअर एव्हरी डे. डोअर इज लॉक. आय नो. आय राइट ओपन. भागीरथा पुट हँड ऑन डोअर. शी इज डेड. आय राइट धिस मायसेल्फ."

याच्यात चुका असतील सर. तुम्ही त्या दुरुस्त करू नका.

कामिनी